स्मार्ट बल्ब, प्लग, कॅमेरे जोडताना: जो पहिला जोडेल तोच मालक?

कळंबा_रोड | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, जरा मोठं लिहिते. अर्धवट सांगितलं तर उपाय सुचवणाऱ्यांची पंचाईत होईल.

आमच्यात सासूबाई ७८ वर्षांच्या. रात्री दोनदा उठावं लागतं. त्यांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतच्या बोळात अंधार आणि बटण दाराआड, चाचपडत शोधायचं. म्हणून दिवाळीत तिथे वायफायचा बल्ब आणि हालचाल ओळखणारा सेन्सर बसवला. आई खोलीबाहेर आल्या की मंद पिवळा उजेड, पाच मिनिटांनी आपोआप बंद. सहा महिने एकदाही तक्रार नव्हती.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी वळीव आला. आधी धुरळा, मग गारा, आणि लाईटची ये-जा सुरू. दहा मिनिटांत चार-पाच वेळा गेली-आली. शेवटी टिकली तेव्हा बोळातला बल्ब एकसारखा लुकलुकत होता. थोड्या वेळाने थांबला, म्हणून मीही लक्ष दिलं नाही.

रात्री दीडच्या सुमाराला आईंची हाक आली. जाऊन बघते तर सगळा बोळ लालभडक. भिंत लाल, देव्हाऱ्याची जाळी लाल, आईंची पांढरी साडी लाल. त्या भिंतीला धरून खाली बसलेल्या. "कुठं पेटलंय गं?" एवढंच विचारत होत्या. माझ्या ॲपवर तो बल्ब दिसेचना. शेवटी बटण बंद केलं आणि टॉर्च लावून त्यांना खोलीत नेलं. हात गार पडले होते.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगचा विद्यार्थी राहतो. त्याने त्याच संध्याकाळी त्याच कंपनीचा बल्ब आणला. ॲप उघडल्यावर 'जवळ दोन उपकरणं सापडली' असं आलं, त्याने दोन्ही जोडून टाकली. रात्री रंग बदलून बघताना त्याच्या खोलीसोबत आमचा बोळही लाल झाला. पोरगं स्वतः येऊन आईंच्या पाया पडून गेलं. त्याचा दोष मला वाटत नाही.

पण प्रश्न राहतोच. पासवर्ड नाही, परवानगी नाही, मजला वेगळा, आणि माझ्या घरातली वस्तू दुसऱ्याची होते कशी? दारात कॅमेरा आहे, गीझरला प्लग आहे. त्यांचंही असंच होईल का? आणि जे काही सुचवाल ते आईंना समजेल इतकं सोपं असावं, कारण दिवसभर घरात त्या एकट्या असतात.

बावड्याचा_वायरमन | सोमवार, रात्री १०:१५

ताई, बल्ब बिघडलेला नाही. तो बनवलाच तसा आहे. बल्बला स्वतःचं बटण नसतं, म्हणून कंपनीने युक्ती काढली: भिंतीवरचं बटण भराभर तीन वेळा चालू-बंद केलं, काहींना पाच वेळा, की बल्ब नव्या मोबाईलची वाट बघत लुकलुकायला लागतो. आता तुम्ही बटण दाबलं की डीपीवरचा फ्यूज कडकडला, हे त्याला काय कळणार? एप्रिल-मेमध्ये मला असे फोन ठरलेले.

लगेच करायचं एक काम. ॲपमध्ये त्या बल्बच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा, काही कंपन्या ही चालू-बंदची सोय बंद करायला देतात. नसेल तर त्या जागी साधा बल्ब लावा आणि स्मार्ट स्विच भिंतीच्या बॉक्समध्ये बसवा. स्विचला जोडणीसाठी वेगळं बटण असतं, ते पाच-सहा सेकंद दाबून धरावं लागतं. लाईट कितीही वेळा गेली तरी ते आपोआप दाबलं जात नाही. आईंनाही भिंतीवरचं बटण नेहमीसारखं वापरता येतं.

दुसरी गोष्ट इथे लिहितोच, कारण ती माझ्याकडून झालेली आहे. २०२१ च्या पुरानंतर कोल्हापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरच्या बाजूला बऱ्याच घरांचं वायरिंग आम्ही नव्याने केलं. लोकांनी स्मार्ट स्विच, कॅमेरे घेतले. घरमालक म्हणायचे, "तुमच्याच मोबाईलवर जोडा, आम्हाला काय कळतंय." मी जोडत गेलो. वर्षभराने एक दिवस ॲप उघडलं तर माझ्या फोनवर एकोणीस घरं. कुणाचा हॉल दिसतोय, कुणाचं पोरगं अभ्यास करतंय. मला दरदरून घाम फुटला. दोन रविवार फिरून प्रत्येकाच्या मोबाईलवर खातं उघडून दिलं आणि माझ्याकडून काढून टाकलं. तेव्हापासून गिऱ्हाइकाचा मोबाईल हातात आल्याशिवाय मी पेटी फोडत नाही.

सर्किटवेडा | सोमवार, रात्री ११:३०

गोकुळ शिरगावात असली उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत चालणारा प्रोग्राम, लिहितो. ताईंचा 'पासवर्ड नाही, परवानगी नाही' हा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे, म्हणून थोडं खोलात जातो.

पेअरिंग म्हणजे दोन अनोळखी यंत्रांनी हवेतून, सगळ्यांच्या देखत, फक्त दोघांनाच माहीत असेल अशी एक किल्ली ठरवायची. वडगावच्या जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून सौदा करणारे दलाल आठवा. भोवती पन्नास माणसं उभी असतात, सौदा चाललाय हे सगळ्यांना दिसतं, पण बोटांनी ठरलेला आकडा दोघांनाच कळतो. हवेतला हा रुमाल गणिताने शिवलाय. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये ती रीत जाहीर केली. दोघं एकमेकांना उघडपणे काही आकडे पाठवतात, ऐकणारा सगळं ऐकतो, तरी शेवटची किल्ली त्याच्या हाती लागत नाही. ब्लूटूथमध्ये ही पद्धत २००७ च्या २.१ आवृत्तीपासून आली. घड्याळं आणि बल्ब वापरतात ते कमी विजेचं ब्लूटूथ. त्यात ती २०१४ च्या ४.२ आवृत्तीत आली.

पण रुमाल एकच गोष्ट लपवतो: आकडा. रुमालाखाली हात कुणाचा आहे, हे तो सांगत नाही. बाजारात समोरच्याचं तोंड दिसतं, हवेत दिसत नाही. म्हणून दोन फोन जोडताना दोन्ही पडद्यांवर सहा आकडे येतात आणि 'सारखेच आहेत ना?' असं विचारलं जातं. मध्ये कुणी तिसरा घुसला असेल तर आकडे जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक. आपण न बघताच 'हो' दाबतो, आणि रुमालाखालचा हात कुणाचा हे बघायची तेवढी एकच संधी असते. कृपया आकडे वाचत जा.

बल्बला पडदा नाही, बटणं नाहीत. तिथे स्वस्तातला मार्ग म्हणजे काहीच न विचारता जोडून टाकणं. ब्लूटूथच्या मानकात या प्रकाराचं नावच 'जस्ट वर्क्स' आहे. चोरून ऐकणाऱ्यापासून तो वाचवतो, पण पहिला हात पुढे करणाऱ्याला मालक मानतो. ताईंच्या वायफायच्या बल्बचंही तसंच झालं.

बदकाच्या पिल्लाचं उदाहरण याला चपखल बसतं. अंड्यातून बाहेर आल्यावर जे पहिलं हलताना दिसेल त्याला ते आई समजतं. केंब्रिजच्या फ्रँक स्टजानो आणि रॉस अँडरसन यांनी १९९९ मध्ये हेच उदाहरण घेऊन नियम मांडला: उपकरणाने पहिली किल्ली देणाऱ्याला आई मानावं, आयुष्यभर तिचंच ऐकावं, आणि त्याला 'मारून', म्हणजे जुनी किल्ली पुसून, पुन्हा जन्माला घालायचा अधिकार फक्त त्या आईचा असावा. शिवाय पहिली किल्ली हवेतून देऊ नये, उपकरणाला प्रत्यक्ष स्पर्श करून द्यावी, म्हणजे आई कोण याबद्दल शंकाच उरत नाही. ताईंच्या बल्बने यातला मधला नियम मोडला. त्याला मारायचा अधिकार वळवाच्या पावसालाही दिलेला होता.

साधंसोपं | मंगळवार, सकाळी ७:०५

सगळं वाचलं. मला वेगळंच म्हणायचंय. माझे वडील ८१ चे. त्यांना सहा आकडे, पासवर्ड, क्यूआर हे काहीही जमणार नाही. सुरक्षेच्या नावाखाली जोडणी अवघड केली की माणसं दोनपैकी एक करतात: वस्तू कपाटात टाकतात, नाहीतर पासवर्ड १२३४५६७८ ठेवतात. सोपं असेल तेच वापरलं जाईल. वायफायच्या राउटरला ते एक बटण असायचं, दाबलं की जोडलं. तसं सगळीकडे का नाही?

सर्किटवेडा | मंगळवार, सकाळी ९:२०

@साधंसोपं, तुमच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. सोपेपणा हा सुरक्षेचाच भाग आहे. पण राउटरच्या त्या सोयीचं काय झालं ते ऐका.

त्या पद्धतीचं नाव डब्ल्यूपीएस, २००६ पासूनची. बटणाबरोबर आठ आकडी पिनची सोयही होती. आठवा आकडा आधीच्या सातांवरून काढलेला असतो, म्हणजे खऱ्या शक्यता एक कोटी. ऐकायला भक्कम वाटतं. पण राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासायचा आणि ते चुकले तर तिथेच सांगायचा. म्हणजे आधी १०,००० शक्यता, मग उरलेल्या तिघांच्या १,०००. एक कोटीचे झाले ११,०००. स्टेफान फीबॉक यांनी डिसेंबर २०११ मध्ये हे दाखवून दिलं. काही तासांत पिन सापडायचा, आणि राउटरचा मूळ पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी उपयोग नव्हता. तुमच्या राउटरमध्ये डब्ल्यूपीएसची पिन चालू असेल तर आजच बंद करा. बटणाचा प्रकार त्या मानाने बरा, कारण ते दाबायला घरात यावं लागतं आणि दार दोनच मिनिटं उघडं राहतं.

म्हणजे सोपं करायला हरकत नाही. 'मी या वस्तूजवळ आहे, ती माझ्या हातात आहे' एवढा पुरावा मात्र मागितलाच पाहिजे.

निवृत्त_गुरुजी | मंगळवार, सकाळी ११:००

या शेवटच्या वाक्याला माझा अनुभव जोडतो. मला दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत, मोबाईलला ब्लूटूथने जोडलेली. जोडायची रीत अशी: बॅटरीचं झाकण उघडायचं, पुन्हा लावायचं. त्यानंतर तीन मिनिटंच ते यंत्र नवा फोन स्वीकारतं. तीन मिनिटं झाली की नाही म्हणजे नाही. पहिल्यांदा चष्मा शोधेपर्यंत वेळ संपली, दुसऱ्यांदा जमलं. आकडे नाहीत, पासवर्ड नाही. माझ्या कानातलं यंत्र काढून त्याचं झाकण उघडणं दुसऱ्याला शक्यच नाही, हीच त्याची किल्ली. ८१ वर्षांच्या वडिलांना हे नक्की जमेल.

शिरोळचा_मळा | मंगळवार, दुपारी २:१०

आमचं सगळं मोटारीचं. उसाला पाणी पाजायला रात्रपाळीची लाईट असली की दोन-दोन वाजता नदीकाठी कोण जाणार, म्हणून मोबाईल स्टार्टर बसवला. सिमकार्ड घालायचं, फोन करायचा, मोटार चालू. माझ्या स्टार्टरचा नियम असा की सिम घातल्यावर पहिला फोन ज्याचा, तो मालक. वर चार आकडी पासवर्ड, पेटीतून आला तेव्हा १२३४. बसवणारा म्हणाला, राहू दे तोच, विसरणार नाही.

मोटार तिघा भावांत, पाळी ठरलेली. एकदा माझ्या पाळीत मोटार आपोआप बंद व्हायला लागली. मी म्हटलं फेज गेला असेल. तीन रात्री असंच. शेवटी कळलं की शेजारच्या मळ्यातल्या एकाकडेही तोच स्टार्टर, तोच १२३४, आणि आमच्या सिमचा नंबर भावकीत सगळ्यांना ठाऊक. त्याच्या पोराने गंमत म्हणून मेसेज पाठवले होते. त्या तीन रात्रींत भावाभावांत जे बोलणं झालं ते अजून पुरतं मिटलेलं नाही. पासवर्ड बदलायला एक मेसेज लागतो, एक. तो बसवल्या दिवशीच पाठवा एवढंच सांगतो.

सर्किटवेडा | मंगळवार, दुपारी ३:००

@शिरोळचा_मळा, वाचून वाईट वाटलं. हा आजार जगभरचा आहे. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या व्हायरसने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे हत्यार काय होतं? कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांची यादी. तेवढीच. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन माल विकायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडेही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना एप्रिल २०२५ पासून सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली. स्टार्टर मात्र अजून रामभरोसे.

माहेर_आजरा | मंगळवार, दुपारी ४:३०

मग आता नवीन वस्तू घेताना काय बघायचं? दुकानात विचारलं की सगळे म्हणतात, "सगळ्यांत चालतंय मॅडम." मॅटर नावाचं चिन्ह काही खोक्यांवर दिसतं, त्याचा काही फायदा आहे का?

सर्किटवेडा | मंगळवार, रात्री ८:४५

आहे, आणि ताईंच्या प्रसंगात थेट आहे.

मॅटर हे बऱ्याच कंपन्यांनी मिळून केलेलं मानक, पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२ ची. यातल्या प्रत्येक नगावर त्याचा स्वतःचा क्यूआर आणि अकरा आकडी कोड छापलेला असतो. वस्तू पेअरिंगमध्ये गेली तरी कोड माहीत असल्याशिवाय जोडली जात नाही. वरच्या पोराला ताईंचा बल्ब यादीत दिसला असता, पण पुढे ॲपने कोड मागितला असता आणि कोड तर ताईंच्या बोळात, बल्बच्या मानेवर. शिवाय त्या कोडमधला गुप्त आकडा हवेतून पाठवला जातच नाही. दोन्ही बाजू तो आपल्याला ठाऊक आहे एवढं गणिताने सिद्ध करतात, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ११११११११ किंवा १२३४५६७८ असले गुप्त आकडे तर मानकातच वर्ज्य आहेत. एकदा जोडलं की वस्तू फॅक्टरी रिसेट करेपर्यंत, म्हणजे पेटीतून आल्यासारखी कोरी करेपर्यंत, छापलेला कोड चालत नाही. घरातल्या दुसऱ्या ॲपला तीच वस्तू द्यायची असेल तर पहिल्या ॲपमधून नवा कोड काढावा लागतो, तोही थोड्याच वेळापुरता.

हे सगळे का करत नाहीत, ते कारखान्यात बसून मला दिसतं. प्रत्येक नगाला वेगळा कोड म्हणजे लाइनवर एक जादा माणूस, एक जादा यंत्र. चिपमध्ये भरलेला आकडा आणि स्टिकरवरचा आकडा जुळलाच पाहिजे. आमच्याकडे एकदा स्टिकरचा रोल एका घराने सरकला. पुढच्या चारशे नगांवर शेजाऱ्याचा कोड. पॅकिंग झालेली खोकी पुन्हा फोडून रात्री अकरापर्यंत आम्ही एकेक स्टिकर सोलत बसलो होतो. नगामागे काही रुपये वाचवायचे तर कोडच नको, असा विचार होतो तो इथे. गिऱ्हाईक विचारत नाही तोवर होत राहील. म्हणून दुकानात विचारा: "या नगाचा स्वतःचा कोड आहे का?"

एक जाता जाता. कोड बरोबर टाकूनही जोडलं जात नसेल तर बहुतेक वेळा भानगड वायफायच्या पट्ट्याची, म्हणजे बँडची, असते. स्वस्त प्लग आणि बल्ब फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं असेल तर फोन २.४ च्या नावावर आणा, जोडा, मग परत जा. शक्य असेल तर राउटरमधलं पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क चालू करून ही सगळी उपकरणं त्यावर ठेवा. बँकेचा फोन आणि बारा रंगांचा बल्ब एकाच पंगतीत नकोत.

ताराबाई_पार्क_भाडेकरू | बुधवार, सकाळी ८:१०

एक बाजू राहिली, सोडतानाची. मी मागच्या वर्षी भाड्याच्या फ्लॅटमध्ये आले, दाराला स्मार्ट कुलूप. घरमालकांनी मला आकडे दिले, पण आधीच्या भाडेकरूचा फोन कुलपातून काढलाच नव्हता. दोन महिन्यांनी ॲपच्या नोंदीत माझ्या नावाखाली अजून एक अनोळखी नाव दिसलं. त्या माणसाने कधी दार उघडलं नाही, नोंदीत तसं काही नव्हतं. पण ते नाव दिसल्यानंतर आठवडाभर मी दाराला आतून खुर्ची लावून झोपले. राहायला जाल तिथे पहिल्या दिवशी कुलूप, कॅमेरा, राउटर सगळं फॅक्टरी रिसेट करा. मोडीत, भेटीत, विक्रीत काही द्याल तेव्हाही.

बावड्याचा_वायरमन | बुधवार, सकाळी ८:४०

+१. आणि ताई, गीझरच्या प्लगचं बोललात म्हणून सांगतो, तो १६ अँपिअरचाच आहे ना बघून घ्या. १० चा असेल तर आज काढा. ते पेअरिंगच्या आधीचं काम.

कळंबा_रोड | रविवार, रात्री ८:००

सगळ्यांचे मनापासून आभार. आज काय केलं ते लिहिते.

प्लग १६ चाच निघाला. राउटरची डब्ल्यूपीएस बंद केली. कॅमेऱ्यात लॉगिन केलेल्या फोनची यादी उघडली, तर बसवणाऱ्याचा फोन अजून होता. त्याला फोन केला, त्यानेही बिचाऱ्याने लगेच काढला आणि माफी मागितली. मी पासवर्डही बदलला. बोळात बावड्याच्या दादांनी सांगितलं तसं भिंतीत स्मार्ट स्विच घातला, स्वतःचा कोड असलेला, वर साधा बल्ब.

जोडणी आईंनी केली. मी मुद्दाम बाजूला बसले. स्टिकरवरचे अकरा आकडे मुंगीएवढे. आईंनी पंचांग वाचायचं भिंग काढलं, चार-तीन-चार असे तोडून मोठ्याने वाचले आणि मी दाबत गेले. एकदा सहाचा आठ झाला, तर ॲपने नाही म्हटलं. "बरं झालं, चुकलेलं चालत नाही त्याला," म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला दिवा लागला. मग तो कोड त्यांनी दुधाच्या हिशोबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिला, खाली तारीख घातली, आणि वही नेहमीप्रमाणे लुगड्यांच्या कपाटात ठेवली. वरच्या पोराला बोलावलं होतं. त्याने त्याच्या फोनवर शोधून बघितलं, आमचं काहीच दिसलं नाही. मग मेन स्विच सहा वेळा खालीवर करून पुन्हा शोधलं. तरी नाही.

आई त्याला म्हणाल्या, "आता तुझ्या खोलीतला पण असाच कर, माझ्याकडं भिंग हाय." उद्या संध्याकाळी तो वही-पेन घेऊन येणार आहे.